मुले मांडी घालून बसतील

एकतीस वेळा. मी मोजलं. माझ्या वहीत एकतीस बंदिशी आहेत आणि प्रत्येकीच्या डोक्यावर लाल शाईत, वळणदार अक्षरात एकच ओळ लिहिलेली: मुले मांडी घालून बसतील. पहिल्या पानावर वाचलं तेव्हा म्हटलं, असेल एखाद्या गाण्यापुरतं. पान उलटलं तर तिथेही तेच. भूप रागातल्या गाण्यावर तेच, दुर्गा रागातल्या गाण्यावर तेच, बेडूकउड्यांच्या गाण्यावरसुद्धा तेच. आता बेडूक मांडी घालून कसा बसेल ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. पण लिहिणाऱ्याचा हात कुठेच अडखळला नव्हता. मी लिहिलेल्या सूचना, 'पोरांनी ओळीत उभं राहायचं', 'एकला पाय उचलायचा', 'मागे न पाहता मागे चालायचं', या सगळ्या पट्टी लावून खोडलेल्या. पट्टी लावून! कोणी रागाने फराटे मारले असते तर मी एवढी पेटले नसते. पट्टी लावणारा माणूस शांतपणे खुर्चीत बसलेला असतो. चांद्याच्या कचेरीच्या व्हरांड्यात, हातात ती वही घेऊन मी उभी होते आणि लटारू चपराशी बाकाकडे बोट दाखवत होता. "बाई, बसा ना. काऊन उभ्या राह्यल्या?" मी म्हटलं, "आज बसायचं नाही, असं ठरवून राह्यली." तो म्हणाला, "मंग पाय दुखतीन." मी म्हटलं, "दुखू दे." त्याने बिचाऱ्याने मान हलवली आणि स्टुलावर जाऊन तंबाखू मळायला लागला.

सकाळी डोंग्याने वैनगंगा ओलांडून, मग बस धरून मी आले होते. सध्या धान कापणीचे दिवस, बसमध्ये विळे आणि माणसं सारखीच कोंबलेली. सगळी वाट मी ती वही मांडीवर धरून होते आणि मनात लाडू फुटत होते, खोटं कशाला बोलू. मागच्या वर्षी आमचा जिल्हा मुंबई राज्याला जोडला, नवे साहेब आले, नवी समिती झाली, आणि समितीने विचारलं की लहान पोरांना शास्त्रीय गाणं शिकवायला काही सोपं आहे का कोणाकडे. माझ्याकडे होतं. पाच वर्षांचं होतं. मी वही पाठवली. समितीने ती मंजूर केली तर छापली जाणार, जिल्ह्यातल्या प्रत्येक प्राथमिक शाळेत जाणार, आणि मला चांद्यात गाण्याची मास्तरीण म्हणून जागा मिळणार. आणि मंजूर झाली नाही तर, कारकुनाने आत्ताच गोड आवाजात सांगितलं, ज्या शाळेकडे मंजूर पुस्तक नाही तिथे सोमवारपासून गाण्याचा तास नाही. म्हणजे माझ्या शाळेत नाही. दुसरीकडे होताच कुठे? "दुरुस्त्या मान्य म्हणून शेवटच्या पानावर फक्त सही करा," तो म्हणाला. फक्त.

अक्षर मी पहिल्याच पानावर ओळखलं होतं. शालिकराम. शालिकभाऊ. गाणं शिकवणाऱ्या बुवांच्या खोलीत मांडी घालून बसणाऱ्या पाच मुलांतला एक, आणि आज समितीतला गाण्यातला जाणकार. मी त्या खोलीच्या बाहेर होते. आम्ही ढिवर, बाप वैनगंगेवर जाळं टाकायचा, आणि मी नऊ वर्षांची असताना त्याने मला आत्याकडे चांद्याला ठेवलं. आत्याची झोपडी रामाळा तलावाच्या काठावर, आणि तिच्यामागेच बुवांच्या घराची खिडकी. संध्याकाळी खिडकीतून तंबोरा यायचा. आत्या मासे निवडायची आणि मी खिडकीखालच्या चिखलात उभी राहायची. आत जायचा प्रश्नच नव्हता. मी विचारलंही नाही, मला ते विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. एका जागी उभं राहिलं की डास फोडून खायचे, म्हणून मी चालायची. पलीकडे पोरं मांडीवर टाळ्या देत ताल मोजायची, मी पावलांनी मोजायची. खिडकीपासून चिंचेपर्यंत, चिंचेपासून खिडकीपर्यंत. रूपक ताल सात मात्रांचा, आणि त्याची पहिलीच मात्रा खाली. म्हणजे जिथून सगळं सुरू होतं तिथेच टाळी द्यायची नाही, हात नुसता उलटा करायचा. ती पोरं तिथे हमखास चुकायची आणि बुवा ओरडायचे. मी चुकायची नाही. कारण मी बापाला जाळं फेकताना पाहिलं होतं. जाळं हातातून सुटतं आणि पाण्यावर पडतं, त्या दोघांच्या मध्ये ते हवेत उघडतं. बाप तेवढा वेळ श्वास घ्यायचा नाही. तेवढीच ती खाली. मी एकला, म्हणजे पहिल्या मात्रेला, पाय उचलायची आणि तसाच धरायची. कोणी शिकवलं नाही मला हे. शिकवायला आत घेतलंच नव्हतं.

मग एकदा बुवांनी खिडकीतून पाहिलं. सहा आवर्तनं त्यांनी नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "ए पोरी, इकडे ये. उंबरठ्यावर बस." आत नाही, उंबरठ्यावर. मी धावत गेले, पाय धुतले, बसले. आणि ताल गेला! सगळा गेला. मांडी घातली आणि माझे पाय माझ्याच अंगाखाली मुके झाले. पोरं हसली, शालिकभाऊ सगळ्यांत जास्त हसले, आणि बुवा म्हणाले, "होईल सवय." झाली सवय. चार वर्षं त्या उंबरठ्यावर बसून मी पुष्कळ शिकले, बुवांचं ऋण आहेच माझ्यावर, पण बसल्या जागी अंगठा आतल्या आत हलवत शिकले, चोरून. आजही मैफलीत बसले की माझा उजवा अंगठा मांडीखाली चालतो. लोकांना वाटतं बाईला मुंग्या आल्या.

"वाचलं का?" शालिकभाऊ व्हरांड्यात आले होते. पांढरी टोपी, खांद्यावर शाल, अंगाला अत्तर. माणूस जाडला आहे. "पूर्ण दिवाळीची सुट्टी घालवली मी या वहीवर, गोकुळा. साहेब तर परतच पाठवणार होते. मी म्हटलं, थांबा, रत्न आहे, पैलू पाडावे लागतील." भाऊ कचेरीत आले की असं बोलतात, रेडिओसारखं. मी विचारलं, "भाऊ, यातलं एखादं तरी म्हणून पाह्यलं का तुम्ही?" ते म्हणाले, "सगळी म्हटली." मी म्हटलं, "बसून?" ते म्हणाले, "अर्थात बसून!" मी म्हटलं, "म्हणूनच." मी पहिलं पान त्यांच्यासमोर धरलं. माझी ओळ होती, धुऱ्याकडे, म्हणजे शेताच्या बांधाकडे, मागे सरकत म्हणायची, 'रोव गं पऱ्हा, रोव गं पऱ्हा, पाठीमागे आहे धुरा.' त्यावर लाल शाईत, 'पेरू अंकुर, पेरू अंकुर, भूमाता ही किती मधुर.' "अंकुर कोणी पेरते का, बाप्पा? बी पेरतेत. पऱ्हे, धानाची रोपं, रोवतेत. आणि भूमाता मधुर म्हणजे काय, चाटून पाह्यली का तुम्ही?" लटारू तिकडे स्टुलावर खोकला. भाऊंनी त्याच्याकडे पाहिलं, मग मला कोपऱ्यात घेतलं, आणि त्यांची रेडिओची भाषा गळून पडली. "तुले समजत नाई, गोकुळा. गाणं म्हणजे बैठक असते. तू पोट्ट्यायले उभं करतं, नाचवतं, उलटं चालवतं. लोक काय म्हणतीन? म्हणतीन, ढिवराची पोरगी, तिले बसणं कुठी माहीत? मी तुले त्याच्यातून वर काढून राह्यलो. बस म्हणून राह्यलो मी तुले. इतकी वर्षं झाली, आता तरी बस!"

हे मला लागलं. कारण ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. उंबरठ्यावरच्या पोरीला हसल्याचं त्यांच्याही मनात कुठेतरी राहिलं असेल, आणि ते एकतीस वेळा, पट्टी लावून, माझी जागा आत करून देत होते. आणि मलाही ती जागा हवी होती, हे मी कोणापासून लपवू? सकाळी बसमध्ये मी काय पाहत होते डोळे मिटून? पांढरी चादर, तंबोरा आणि मधोमध मी. नऊ वर्षांच्या पोरीला जे हवं होतं ते चौतिसाव्या वर्षी समोर आलं होतं आणि त्यासाठी फक्त एक ओळ मान्य करायची होती. पण मग मंगलीचं काय करू? मंगलीला काय सांगू?

मंगली आमच्या शाळेतली, जंगलाकडच्या टोल्यावरच्या वस्तीतली. तिच्या टोल्यावरची पोरं घरी गोंडी बोलतात, शाळेत आमच्यासारखं. पाच वर्षांपूर्वी मी पोरांना रूपक शिकवत होते, चालत, पण पुढे चालत. मला कुठे सुचलं होतं उलटं चालणं? त्या साली पोरं रोवण्याच्या सुट्टीवरून परत आली, मी ओळीत उभी केली, म्हटलं, "चला, एक!" आणि अख्खी ओळ कमरेत वाकली आणि मागे निघाली. सगळीच्या सगळी! मला वाटलं, माझी टिंगल चालली आहे. ओळीच्या टोकाला मंगली होती. मी तिच्या पिंढरीवर छडी मारली. "पुढं चाल! पुढं जाता येत नाही का तुले?" ती रडली नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं की ही बाई वेडी तर नाही. म्हणाली, "पुढं चाललं त पऱ्हे तुडवल्या जातीन ना, बाई." पंधरा दिवस ती आणि तिची माय धानाच्या बांधीत, चिखलात वाकून रोपं रोवत मागे मागे सरकत होत्या, गाणं म्हणत ओळीने चालायचं म्हणजे मागेच चालायचं, हे तिच्या पायांना पक्कं होतं. चूक तिची नव्हतीच. मी छडी खाली ठेवली. मग मीही ओळीत उभी राहिले आणि मागे चालून पाहिलं. आणि माय वो, काय सांगू! जे गायलं ते समोर दिसत होतं, ओळीने रोवलेलं, एकेक मात्रा. जे यायचं ते पाठीमागे, त्याला पाहायचं नाही, फक्त मोजायचं. पुढे चालणारा पोरगा भिंत पाहून थांबतो, त्याला ताल मोजायची गरजच काय? मागे चालणाऱ्याला मोजण्यावाचून दुसरं काही नाही. त्या दिवशी मला माझं गाणं सापडलं, एका पोरीच्या पिंढरीवर वळ उठवून. मी तिची माफी मागितली नाही. मास्तरीण पोरीची माफी मागते का? पण त्या साली मी एकतीसमधली पहिली बंदिश बांधली आणि खेळाचा नियम ठरवला. एकला पाय उचलायचा, दोनला मागे टेकायचा, तीनपासून सातपर्यंत एकेक पाऊल मागे. आणि जो मागे पाहील तो बाद.

हॉलमध्ये लटारूने सतरंजी घातली होती. जवळच्या शाळेतली वीसेक पोरं आणून बसवलेली, डोक्याला तेल, दोन ओळी, मांड्या घातलेल्या. समोर टेबलामागे साहेब, चष्मा पुसत. शालिकभाऊ पेटीजवळ. आणि मधोमध, देवाशपथ, पांढरी चादर. तंबोरा. साहेब चांगला माणूस दिसत होता. म्हणाला, "या बाई, बसा. एक गाणं पोरांकडून करून घ्या, मग सही, मग चहा." माझ्या गुडघ्यांना खरंच बसावंसं वाटलं. रामाळ्याच्या काठावरची ती पोरगी माझ्या आत धावत सुटली होती, पाय धुवायला. चादरीला एक सुरकुती नव्हती. मी दाराशी चपला काढल्या, वही टेबलावर ठेवली, पदर खोचला, चादरीच्या कडेपर्यंत गेले. अंगठा चालायला लागला होता. आणि मी पोरांना म्हटलं, "उठा रे पोट्टे हो!"

पोरं उठली. पोरांना उठायला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. साहेब म्हणाले, "बाई, सूचना वाचल्या नाहीत का?" मी म्हटलं, "वाचल्या, साहेब. एकतीस वेळा." पोरांना नियम सांगितला, गाणं सांगितलं, दोनदा म्हणवून घेतलं आणि चालवलं. अर्धी पोरं पहिल्याच फेरीत बाद! शहरातली ती, मागे कशी न पाहणार? हसत होती, एकमेकांवर पडत होती, "पाह्यलं, पाह्यलं" म्हणून बोटं दाखवत होती. दुसऱ्या फेरीला कमी बाद झाली. तिसरीला एक पोरगी भिंतीपर्यंत गेली आणि तिच्या टाचा भिंतीला लागल्या तेव्हा तिचं तोंड असं उघडं, की हे माझ्या पायांनी केलं का! शालिकभाऊंना राहवलं नाही. "साहेब, हा निव्वळ पोरखेळ आहे. याला लयीची बैठक नाही." मी म्हटलं, "मग भाऊ, तुम्हीच करून दाखवा. जास्त नाही. एकच आवर्तन." साहेबांनी चष्मा घातला आणि म्हणाले, "हां, होऊन जाऊ द्या."

भाऊ उठले. नाही म्हणता येईना. शाल काढून ठेवली, टोपी सारखी केली. लय भाऊंची पक्की आहे, बुवांनी घासून घेतलेली. मोजायला त्यांना माझी गरज नव्हती. एकला पाय उचलला, छान उचलला. दोन. तीन. चार. पाठीमागे काही नव्हतं, मोकळी सतरंजी होती, भिंत तर लांब होती. पाच. मी त्यांच्या मानेकडे पाहत होते. आयुष्यभर भिंतीला टेकून बसलेल्या माणसाची मान. ती वळली. "पाह्यलं! मास्तर बाद! मास्तर बाद!" वीस पोरांनी हॉल डोक्यावर घेतला. साहेबही हसले. मला आधी मजा वाटली, खूप मजा वाटली, उंबरठ्यावरच्या हसण्याची फेड झाली असं वाटलं. मग त्यांचं तोंड पाहिलं आणि वाईट वाटलं. ते शाल उचलून पेटीजवळ जाऊन बसले. मांडी घालून.

"मजेदार आहे," साहेब म्हणाले. "पण बाई, समितीचं ठरलेलं आहे. शिस्त लागते. सही करा." मी म्हटलं, "नाही करत." ते म्हणाले, "विचार करा. सोमवारपासून तुमच्या शाळेत गाण्याचा तास राहणार नाही." मी म्हटलं, "तास घ्या, साहेब. पाटीवरून पुसून टाका. रोवण्याला तुमची मंजुरी लागत नाही. आमची पोरं बांधीत शिकतीन, नदीच्या रेतीत शिकतीन, आणि शाळेच्या अंगणात मधल्या सुट्टीत मी त्यायच्या संगं उलटी चालीन. मधली सुट्टी त अजून तुमच्या वहीत नाही ना?" मी टेबलावरून माझी वही उचलली. शालिकभाऊ हळूच म्हणाले, "गोकुळा, चादर तुझ्यासाठी टाकाले लावली होती मी." मी म्हटलं, "माहीत आहे, भाऊ. म्हणूनच इतकं जड जाऊन राह्यलं."

मग मी पाठ न फिरवता निघाले. एकला पाय उचलला, दोनला मागे टेकला. 'रोव गं पऱ्हा, रोव गं पऱ्हा.' साहेबांना वाटलं, मी मान देते आहे. या गावात राजासमोरून लोक असेच जात असतील एके काळी. ते खुर्चीतून अर्धे उठले आणि त्यांनी हात जोडले. जोडू दे. येताना मी पावलं मोजली नव्हती. दार किती लांब आहे मला माहीत नव्हतं. माझ्या चपला त्याच्या आसपास कुठेतरी होत्या, अडखळून पडले असते तर सगळं हसण्यावारी गेलं असतं. मान जड झाली होती, कोणी मागून बोलावत असावं तशी ओढत होती. पोरांचे वीस जोडी डोळे माझ्या मानेवर. ती मोजायला लागली, आधी दोघंतिघं, मग सगळी, माझ्यासाठी, मोठ्याने, एक, दोन, तीन. बाजूच्या खिडक्या एकेक करून मला सोडून पुढे गेल्या. समोर मी रोवलेलं सगळं दिसत होतं: चादर, तिच्यावर कोणी न बसल्यामुळे तशीच ताठ, साहेब, आणि शालिकभाऊ, खाली मान घालून बसलेले, पण त्यांचा हात मांडीवर ताल देत होता आणि बरोबर एकला, टाळी न वाजवता, उलटा होत होता. सातला माझी टाच लाकडाला लागली. उंबरठा. एकला मी पाय उचलला आणि त्याच्यावर, हवेत, धरला. बाप जाळं फेकताना श्वास धरायचा, तसा मी धरला. आतली पोरंही गप्प झाली. दोनला पाय बाहेर टेकला.

आणि आत एकच गलका उठला, "बाई बाद नाई! बाई बाद नाई!"